पडद्यावरील रणरागिणी आणि तिची भाषा

ऐतिहासिक चित्रपटाविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : दाखविले तसे घडले होते काय? प्रश्न रास्त आहे. तथापि तो पुरेसा नाही. जे घडले ते कोणत्या भाषेत घडले, आणि त्या भाषेचे चित्रपटात काय झाले, हाही प्रश्न विचारावयास हवा. भाषेच्या अभ्यासकाने तर तो प्रथम विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

ह्या विचाराला निमित्त झाले ते आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका चर्चेचे. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्याच्या स्त्रीसैनिकांवरील ‘द वूमन किंग’ (२०२२) आणि झाशीच्या राणीवरील ‘मणिकर्णिका’ (२०१९) हे दोन चित्रपट विद्यार्थ्यांनी पाहिले होते. चर्चा शौर्य, वेशभूषा, युद्धदृश्ये अशा नेहमीच्या वळणाने चालली असता एका विद्यार्थिनीने विचारले : ‘‘राणी रागावली म्हणजे कोणत्या भाषेत रागवत असेल?’’ वर्गात हशा पिकला. परंतु उत्तर कोणालाच चटकन देता आले नाही. पुढे निबंध तपासताना असे आढळले की, काही विद्यार्थ्यांनी चित्रपटातील संवाद राणीचे प्रत्यक्ष उद्गार म्हणून अवतरणचिन्हांत उतरले होते. तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे ध्यानी आले.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. पात्रांची भाषा आणि प्रेक्षकांची भाषा भिन्न असली, म्हणजे पात्रांनी प्रेक्षकांच्या भाषेत बोलावे, हा रंगभूमीचा जुना संकेत आहे. चित्रपटाने तो उचलला, ह्यात दोष नाही. सबंध चित्रपट फॉन भाषेत किंवा एकोणिसाव्या शतकातील मराठीत व्हावा, अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. मात्र भाषा बदलली तरी तीन गोष्टी टिकविता येतात, व त्या टिकल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिली, कोण कोणाला परका आहे ह्याची जाणीव. दुसरी, माणसे एकमेकांना ज्या नात्याने संबोधितात ते नाते. आणि तिसरी, माणसांची व संस्थांची नावे. ह्या तीन कसोट्यांवर उपरिनिर्दिष्ट चित्रपटांची परीक्षा करावयाची आहे.

झाशीचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. नाशिककरांना तर विशेषच. पंचवटीत गोदेच्या काठी १७४७ मध्ये देऊळ बांधणारे आणि वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटेमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले, तेच नारोशंकर राजेबहादूर झाशीचे सुभेदार होते. झाशीच्या किल्ल्याचा विस्तार आणि शहराची वसाहत ह्यांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सुभेदारी मूळच्या कोकणातील नेवाळकर घराण्याकडे आली. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे प्रथम काशीस चिमाजी आप्पांच्या व नंतर ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास होते. तात्पर्य, बुंदेली बोलणाऱ्या प्रजेमध्ये राहणारे झाशीचे राजघराणे मराठी होते. वाड्यातली भाषा एक, बाजारातली दुसरी, दरबारी पत्रव्यवहाराची तिसरी आणि कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांची चौथी, अशा चार भाषांच्या चौकात राणी उभी होती.

पडद्यावर ह्या चौकाचे काय झाले? सोहराब मोदी ह्यांचा ‘झाँसी की रानी’ १९५३ मध्ये आला. मेहताब ह्यांनी त्यात राणीची भूमिका केली. टेक्निकलरमध्ये निघालेला तो भारतातील पहिला चित्रपट होय. त्याची इंग्रजी आवृत्ती ‘द टायगर अँड द फ्लेम’ ह्या नावाने निघाली. म्हणजे एकच राणी एकदा हिंदीत व एकदा इंग्रजीत लढली. राधाकृष्ण जगर्लामुडी आणि कंगना रनौट ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘मणिकर्णिका’ हिंदीबरोबर तमिळ व तेलुगू भाषांतही प्रदर्शित झाला. ह्या हिंदी चित्रपटांत राणी पतीशी, वडिलांशी, सख्यांशी आणि प्रजेशी मुख्यतः हिंदीतच बोलते. इंग्रज तेवढे मोडक्या उच्चारांचे. परिणामी प्रेक्षकांच्या मनात दोनच बाजू उरतात : शुद्ध बोलणारे आपण आणि अशुद्ध बोलणारे परके. मराठी वाडा आणि बुंदेली शहर ह्यांमधले अंतर, आणि ते अंतर असतानाही ज्या निष्ठेने शहर राणीच्या पाठीशी उभे राहिले त्या निष्ठेचे मोल, दोन्ही ह्या सरसकटीकरणात लुप्त होतात. १८५८ च्या वेढ्यात झाशीच्या बायका तोफांच्या मोर्चांवर राबताना व दारूगोळा पोचविताना दिसल्याची नोंद प्रत्यक्ष शत्रुपक्षाने केली आहे. त्या बायका कोणत्या बोलीत एकमेकींना हाका मारीत होत्या, हे आठवले म्हणजे ती निष्ठा एकभाषिकांची सहज निष्ठा नव्हती, हे कळते.

राणीच्या हिंदीविषयी एक लहानसा पुरावा उपलब्ध आहे. संस्थान खालसा झाल्यानंतर १८५४ मध्ये जॉन लँग हा वकील राणीला भेटला. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीची हकीकत त्याने पुढे १८५९ च्या आपल्या पुस्तकात दिली. झाशी न देण्याविषयीचा राणीचा सुप्रसिद्ध निर्धार तेथे रोमन लिपीत नोंदलेला आहे, आणि त्यात ‘झाँसी’ ह्या स्त्रीलिंगी नामास जोडलेले संबंधवाचक सर्वनाम पुल्लिंगी आहे. आज लोकांच्या तोंडी असलेल्या रूपात ते स्त्रीलिंगी झाले आहे. ही चूक लँगच्या कानाची की दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या राणीची, ह्याचा निर्णय एका वाक्यावरून करता येणार नाही, आणि करूही नये. परंतु परंपरेने ते वाक्य व्याकरणशुद्ध करून घेतले, ही गोष्ट निश्चित आहे. चित्रपटाने तेच कार्य मोठ्या प्रमाणावर केले : राणीचे सबंध भाषिक जीवनच त्याने शुद्ध करून घेतले.

येथे मूकपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर आपला कारखाना नाशकास आणला आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांना पडद्यावर आणले. त्यापूर्वीची तारामती अण्णा साळुंके ह्या पुरुषाने रंगविली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या इंग्रजी, मराठी व हिंदी ह्या भाषांत होत्या. पाटी म्हणजे अर्थ सांगण्याची सोय. ती पात्राच्या मुखात बसत नाही. तारामतीची भाषा कोणती, हा प्रश्न मूकपटाने मोकळा ठेवला होता. बोलपट आला आणि ती मोकळीक गेली. पात्राला बोलावे लागले, आणि ज्या भाषेचा बाजार मोठा त्या भाषेत बोलावे लागले. उलट, मराठी रंगभूमीवर राणीला मराठी मिळाली. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’ (१९७०) ह्या नाटकात ती मराठी बोलते. अर्थात तीही नाटककाराची मराठी आहे. परंतु वाड्याच्या भाषेशी तिचे रक्ताचे नाते आहे. चित्रपटाला हे साधणे अशक्य होते असे नाही. घरात काही प्रसंग मराठीत आणि दरबारात हिंदी, एवढ्या साध्या भेदाने बरेच काही सांगता आले असते.

आता ‘द वूमन किंग’कडे वळू. जीना प्रिन्स-बाइथवुड दिग्दर्शित हा चित्रपट १८२३ मधील दाहोमीची, म्हणजे आजच्या बेनिन देशाच्या दक्षिण भागातील राज्याची, कथा सांगतो. गेझो हा राजा (कारकीर्द १८१८ ते १८५८) ओयो राज्याच्या वर्चस्वाविरुद्ध उभा आहे. नानिस्का (व्हायोला डेव्हिस) त्याच्या स्त्रीसेनेची सेनापती आहे, आणि नावी (थुसो म्बेडू) ह्या बंडखोर मुलीच्या शिक्षणातून कथानक पुढे सरकते. स्त्रियांच्या शरीरबळाचे, शिस्तीचे आणि परस्परस्नेहाचे चित्रण प्रभावी आहे, ह्यात संशय नाही. शस्त्रशिक्षणाची दृश्ये पाहताना सेना ही एक शाळा आहे हे पटते, आणि सख्यत्वाचे जे चित्र येथे दिसते ते आपल्या युद्धपटांत क्वचित आढळते.

तथापि भाषेच्या बाबतीत ह्या चित्रपटाने एक विलक्षण मार्ग पत्करला आहे. पात्रे इंग्रजी बोलतात. पण पश्चिम आफ्रिकी वळणाच्या उच्चारांनी बोलतात. हेतू उघड आहे : प्रेक्षकांना स्थळाची जाणीव राहावी. परिणाम मात्र वेगळा होतो. स्वतःची भाषा स्वतःच्या घरात बोलणाऱ्या माणसाचे बोलणे त्याच्या माणसांना परके वाटत नाही. ‘हेल’ नेहमी दुसऱ्याच्या कानाला जाणवतो. फॉन ही स्वरभेदी भाषा आहे. सुराच्या चढउताराने तीत शब्दाचा अर्थ पालटतो. त्या भाषेत नानिस्का सफाईने, अधिकाराने बोलत असली पाहिजे. तिच्या मुखी परक्या वळणाची इंग्रजी घातली की, आपल्याच राजवाड्यात ती पाहुणी ठरते. हिंदी चित्रपटाने राणीची परकी भाषा तिची स्वतःची करून टाकली, आणि इंग्रजी चित्रपटाने नानिस्काची स्वतःची भाषा परकी करून टाकली. दोन्ही ठिकाणी पहिल्या कसोटीला बाध आला आहे.

नावांच्या बाबतीत ‘द वूमन किंग’ अधिक जागरूक आहे. युरोपीय प्रवाशांनी ह्या सैनिक स्त्रियांना ग्रीक पुराणकथेवरून ‘आमेझॉन’ म्हटले. चित्रपट ते नाव बाजूस ठेवून ‘आगोजिए’ हे नाव रूढ करतो, ही त्याची स्तुत्य कामगिरी होय. फॉन भाषेत त्यांना ‘मिनो’, म्हणजे ‘आमच्या माता’, असेही म्हणत. आणि ‘अहोसी’, म्हणजे राजाच्या स्त्रिया, ही त्यांची राजदरबारातील ओळख होती. तीन नावे, तीन दृष्टी : परक्याला त्या दंतकथा वाटल्या, राजाला त्या आपल्या अंतःपुराचा भाग वाटल्या, आणि इतरांनी त्यांना आईचे नाते दिले. चित्रपटाचे शीर्षक मात्र ‘किंग’ ह्या पुल्लिंगी पदाला ‘वूमन’ हे विशेषण लावते. स्त्रीच्या थोरवीसाठी शेवटी पुरुषाची गादी मागून आणावी लागते.

आपणही ह्याबाबतीत फार पुढे नाही. राणीच्या शौर्याचे वर्णन करताना शत्रूने तिला पुरुषांच्या पंक्तीत बसविले, आणि आपण ‘मर्दानी’ हे विशेषण प्रेमाने स्वीकारले. ‘वीरांगना’ हा शब्द घेतला तर त्याचा विग्रह दोन प्रकारे होतो : वीर अशी अंगना, किंवा वीराची अंगना. कर्मधारय घ्यावा की षष्ठी तत्पुरुष, हे संदर्भावर अवलंबून. स्वतः शब्द ग्वाही देत नाही. ‘मणिकर्णिका’ हे शीर्षक माहेरचे नाव पुढे आणते, आणि विवाहानंतर मुलीचे नाव बदलण्याच्या आपल्या रूढीकडे त्यामुळे नकळत लक्ष वेधले जाते. परंतु ज्या नावाने तिची माणसे तिला ओळखत, ते नाव ह्या सर्वांहून साधे होते : ‘बाईसाहेब’. ‘बाई’ने स्त्रीत्व आणि ‘साहेब’ने अधिकार, ह्यांपैकी एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. मराठीने ही जोडणी फार पूर्वीच केलेली आहे, आणि ती करताना पुरुषाची उसनवारी केवळ प्रत्ययापुरती ठेवली आहे.

हे संबोधन ज्या ग्रंथात जिवंत भेटते तो म्हणजे विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या वृत्तांतात राणीची तलवार आहे, पुरुषवेष आहे, घोडाही आहे. परंतु मनात राहतो तो काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग. पराभवानंतर धुळीने माखलेली राणी तृषार्त होऊन विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढावयास पुढे होतात, तेव्हा ती त्यांना थांबविते : तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नये. स्वतः पाणी काढून ती ओंजळीने पिते आणि म्हणते, की अर्धा शेर तांदूळ ज्या विधवेला पुरला असता तिला हा उद्योग आरंभण्याचे कारण नव्हते, पण धर्माच्या अभिमानाने तो पत्करला.

ह्या संभाषणात दोन उतरंडी एकमेकींना छेदतात. ती धनीण, तो भिक्षुक. तो विद्वान ब्राह्मण, ती विधवा. कोणी कोणाला कोणत्या मानाने बोलावयाचे, हे क्षणोक्षणी ठरत आहे, आणि पराभवाच्या घटकेलाही राणी ते विसरत नाही. त्या मर्यादा आज आपल्याला पटोत वा न पटोत, त्या काळच्या मराठी समाजाचा सबंध व्यवहार ह्या एका नकारात सामावला आहे. आपल्या चित्रपटांतील राणी बहुतेक वेळा आज्ञेच्या वा आवाहनाच्या सुरात बोलते. दमलेल्या माणसाचा सूर तिच्या वाट्यास क्वचितच येतो. दुसऱ्या कसोटीवर चित्रपट उणे ठरतात ते येथे. भाषा हिंदी आहे हे त्याचे कारण नव्हे. राणी कोणाशी तरी बोलते आहे असे न वाटता, सर्वांना उद्देशून बोलते आहे असे वाटते, हे त्याचे कारण.

ह्या एकसुरीपणामागे आणखी एक गोष्ट आहे : नायिकेच्या नैतिक बाजूविषयी शंका उरू नये, ही चिंता. ‘द वूमन किंग’मध्ये नानिस्का राजाला गुलामांचा व्यापार सोडून पामतेलाच्या व्यापाराकडे वळण्याचा सल्ला देते, आणि कथा त्या दिशेने संपते. इतिहासातील गेझोने हा व्यापार दीर्घकाळ चालविला. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीनंतर १८५२ मध्ये त्याने तो बंद करण्याचा करार केला, परंतु व्यापार तेवढ्याने संपला नाही. माणसे पकडून आणणाऱ्या मोहिमांत स्त्रीसैनिकांचाही भाग होता. शूर स्त्रिया अन्याय्य व्यवस्थेच्या सेवेत असू शकतात, हे कटू सत्य चित्रपटाने नायिकेला त्या व्यवस्थेची विरोधक करून टाळले आहे.

नाशिकच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील शरणपूरच्या मिशनमध्ये पूर्व आफ्रिकेतील मुक्त केलेली गुलाम मुले आणून ठेवली जात. दाहोमीचा किनारा वेगळा, ह्या मुलांचा किनारा वेगळा. व्यापार मात्र त्याच जातीचा. लिव्हिंग्स्टनच्या १८६६ मध्ये निघालेल्या अखेरच्या प्रवासात नाशिकची नऊ मुले होती. नाशकास शिकलेला याओ जमातीचा जेकब वेनराइट पुढे त्या प्रवाशास जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृत्युलेख त्याने झाडावर इंग्रजीत कोरला आणि त्याच्या देहासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला. १८७४-७५ च्या सुमारास येथील आफ्रिकी मंडळींना मोंबासाजवळच्या फ्रेरटाउन वसाहतीत नेण्यात आले. ज्या मुलांना कोणीतरी पकडले, विकले, त्यांच्यापैकी काहींनी आपल्या ह्या गावी अक्षरे गिरविली. पकडणाऱ्याच्या शौर्याची कथा सांगताना पकडलेल्याचा विसर पडू नये, हे शरणपूरच्या रस्त्याने जाणाऱ्याला तरी निराळे सांगावयास नको.

झाशीच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप भिन्न आहे. परंतु टाळाटाळ तीच. जून १८५७ मधील उठावात झाशीतील इंग्रज स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. त्यानंतर राणीने सागरच्या कमिशनरला, अर्स्किनला, पत्रे लिहून शिपायांचे कृत्य आणि आपली असहायता कळविली, व काही महिने तिने कंपनी सरकारच्या संमतीने प्रांताचा कारभार पाहिला. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजचे सैन्य वेशीवर येईपर्यंतचा हा काळ संशयाचा, पत्रव्यवहाराचा, वाट पाहण्याचा होता. ह्या काळात राणी जे बोलली त्यात कमालीची सावधगिरी असली पाहिजे. राजकारणी स्त्री म्हणून तिची बुद्धी जिथे कसास लागली, तो हाच काळ. पहिल्या दिवसापासून तिच्या हाती तलवार देणारा चित्रपट तिचे शौर्य वाढवीत नाही. तिने निवड केली होती, हेच तो झाकून टाकतो.

ह्यावरून ग्रंथ खरा आणि चित्रपट खोटा, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. गोडसे भटजींनी आपली हकीकत १८८३ मध्ये, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिली. चिं. वि. वैद्य ह्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा भाषेवर संपादकीय हात फिरला होता; मूळ लेखनाबरहुकूम पाठ द. वा. पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकही एका अर्थी ‘भाषांतरित’ भटजीच वाचत होता. फरक इतकाच, की तेथे मूळ पाठ जपलेला होता आणि दोन्ही ताडून पाहता आले. चित्रपटाच्या बाबतीत असे ताडून पाहण्याचे काम प्रेक्षकालाच करावे लागते, आणि ते कसे करावे हे शिकविणे आपल्या विभागांचे कर्तव्य आहे.

म्हणून सूचना इतकीच, की वर्गात चित्रपट अवश्य दाखवावा. परंतु त्यासोबत ‘माझा प्रवास’मधील झाशीची प्रकरणे दोन्ही आवृत्त्यांतून वाचावीत आणि प्रत्येक प्रसंगी विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : येथे कोण कोणाला परका आहे, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, आणि हे नाव कोणी दिले? त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : राणी रागावली तर बहुधा मराठीतच रागवत असेल; पण तो राग कोणाला कळू द्यावयाचा आणि कोणापासून लपवावयाचा, ह्यानुसार ती भाषा बदलीत असेल. चार भाषांच्या चौकात राज्य करणाऱ्या स्त्रीला ते अवधान ठेवावेच लागते. रणांगणावरील तिच्या पराक्रमाइतकेच हे अवधानही अभ्यासास पात्र आहे.